टाकीतले पाणी

डोंगराच्या पायथ्याला आंबेदरा म्हणून एक गाव होते, आणि त्या गावात भागुजी हांडे नावाचा एक संशयी माणूस राहत होता. माणूस वाईट नव्हता. त्याने कुणाचे काही बुडवले नाही, दारात आलेल्याला उपाशी धाडले नाही. पण कोणत्याही गोष्टीवर त्याचा चटकन विश्वास बसत नसे. दुकानदाराने साखर तोलून दिली की घरी येऊन तो ती पुन्हा तोलायचा. बायकोने चहा पुढे ठेवला की साखर खरोखर पडली आहे ना, हे आधी चमच्याने तळाशी चाचपून बघायचा. त्याची बायको ठकूबाई म्हणायची, "उद्या मी मेले, तर दोन डॉक्टरांकडून नाडी बघून घ्याल, मगच रडाल." त्यावर भागुजी हसायचा नाही. त्याला ते रीतसरच वाटायचे.

भागुजीकडे डिझेलवर चालणारी एक जुनी पिकअप गाडी होती. डोंगरातल्या वाड्यावाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि घाट उतरून तालुक्याच्या डेअरीत पोचवायचे, हे तिचे काम. गाडी चालवायला सखाहरी होता. सखाहरी फार कमी बोलायचा. माणसांशी कमी बोलायचा म्हणजे. गाडीशी मात्र त्याचे बरे जमे. चढ लागला की "चल गं बाई, आलंच आता" असे तो तिला म्हणायचा, आणि ती चढून जायची. घरी त्याची बायको चांगुणा. एकुलती लेक लग्न होऊन दूर गेलेली. दोघांचे सुखाने चालले होते. डेअरीवरून परतताना सखाहरी पंपावर थांबायचा आणि टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचा. ज्या जुन्या वस्तादाकडे तो गाडी शिकला त्याने त्याला ही सवय लावली होती. का, ते वस्तादाने सांगितले नाही आणि सखाहरीने विचारले नाही.

एकदा डेअरीवर बातमी आली. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मालकाचा ड्रायव्हर म्हणे टाकीत नळी घालून डिझेल काढायचा आणि परस्पर विकायचा. बातमी ऐकून बाकीचे गाडीमालक हळहळले आणि चहा पिऊन आपापल्या कामाला लागले. भागुजीचा चहा हातातच गार झाला. गावी येईपर्यंत तो सखाहरीकडे चोरून बघत होता. हा माणूस एवढा कमी का बोलतो, हा प्रश्न त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

दुसऱ्या दिवसापासून भागुजीने नवा नियम केला. टाकी भरायचीच नाही. डिझेल त्याने घरात कॅनमध्ये आणून ठेवले. सकाळी गाडी निघायच्या वेळी, त्या दिवसाच्या फेरीला पुरेल एवढेच तो स्वतःच्या हाताने टाकीत ओतायचा. गाडी परत आली की टाकीत बांबूची काडी बुडवून किती उरले ते बघायचा. उरलेले नेहमी तळाशी असायचे आणि वर नुसती पोकळी.

सखाहरी एवढेच म्हणाला, "शेठ, रिकामी टाकी बरी न्हाई."

"का बरी न्हाई?"

"आमच्या वस्तादाचं सांगणं व्हतं."

"वस्तादाचं सांगणं, का तुझ्या मनाचं मागणं?" भागुजी म्हणाला. सखाहरी गप्प बसला, आणि भागुजीने मनातल्या मनात त्या गप्प बसण्याचीही नोंद घेतली.

पावसाळा गेला, थंडी आली. त्या डोंगरात थंडीची तऱ्हाच वेगळी. दुपारी पत्रा हात भाजेल इतका तापायचा आणि पहाटे त्याच पत्र्यावर दवाचे थेंब उभे राहायचे. पिकअप अंगणात उघड्यावरच असायची. अशातच एके सकाळी घाटात गाडी आचके द्यायला लागली. सखाहरीने बाजूला घेऊन डिझेलचा फिल्टर उघडला. आत पाणी निघाले, आणि पाण्याखाली तांबूस गाळ.

भागुजी त्या दिवशी शेजारी बसला होता. ते पाणी बघताच त्याला सगळे लख्ख कळले, असे त्याला वाटले. टाकीतून डिझेल काढायचे, तर काडीला ओल कमी दिसणार. ओल कमी दिसू नये म्हणून वरून पाणी घालायचे. किती साधी गोष्ट! आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचाच त्याला राग आला. पाणी काढून गाडी कशीबशी डेअरीत पोचली. तिथल्या अंगणात, दूध घालायला आलेल्या सगळ्या माणसांच्या देखत तो सखाहरीला म्हणाला, "डिझेल कुणाला विकतोस, तेवढं सांग. पाणी कुठनं आणतोस ते मी विचारत न्हाई."

सखाहरीचा चेहरा उतरला. "शेठ, मी न्हाई," एवढेच शब्द त्याला सुचले. दुसरा कुणी असता तर त्याने आरडाओरडा करून अंगण डोक्यावर घेतले असते, आणि लोकांना तो खरा वाटला असता. सखाहरी खाली बघत राहिला आणि लोकांनी काय समजायचे ते समजून घेतले.

आंबेदऱ्यात असल्या भांडणाचा निकाल एकाच ठिकाणी लागायचा. गावच्या खंडोबाच्या देवळात जायचे आणि बेलभंडार उचलून शपथ घ्यायची. बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन खोटे बोलेल असा माणूस त्या गावात अजून कुणी पाहिला नव्हता. रविवारी देवळात गाव जमले. चांगुणाही आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

सखाहरी हात पुढे करणार, तोच भागुजी म्हणाला, "नुसती शपथ नको. घरावर घे."

चांगुणा पुढे आली. एरवी ती चारचौघांत बोलायची नाही. "शेठ, घराचं नाव नका घ्यायला लावू. ते घेत्यात की त्यांच्या एकट्यावर."

"खरं असंल तर घराला भ्यायचं काय कारण?" भागुजी म्हणाला.

सखाहरीने बायकोकडे एकदा बघितले. मग त्याने भंडारा उचलला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "मी डिझेल काढलं असंल, नाहीतर टाकीत थेंबभर पाणी घातलं असंल, तर खंडेरायानं माझ्या घराची राख करावी." भंडारा त्याने कपाळाला लावला. चांगुणाचे डोळे घट्ट मिटलेले होते.

नवा फिल्टर बसवला. काही दिवस गाडी सुरळीत चालली. भागुजीला जरा चुकल्यासारखेही वाटले, पण शपथेच्या भीतीने चोर सुधारला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग थंडीचा कडाका वाढला, आणि भर घाटात गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी ती लवकर चालूच होईना. दुपारपर्यंत सगळे दूध नासले. फिल्टरमध्ये पहिल्यापेक्षा जास्त पाणी होते.

भागुजीने सखाहरीला कामावरून काढले, यात गावाला काहीच नवल वाटले नाही. चोरी केली ते एक वेळ चालले असते, पण त्याने देवाच्या दारात खोटी शपथ घेतली, हे गावाला सोसवेना. लोक त्याच्याशी बोलायचे थांबले. बायका चांगुणाला हळदीकुंकवाला बोलवीनाशा झाल्या. सखाहरी खडी फोडायच्या कामावर जाऊ लागला. ज्या हातांनी कधी गाडीचा गिअर कचकन टाकला नाही, त्या हातात घण आला. तरी तो कुणाला वाकडा शब्द बोलला नाही.

आणि थोड्याच दिवसांत चांगुणा आजारी पडली.

दुखणे छातीचे होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासले, त्या दुखण्याचे नाव सांगितले आणि गोळ्या दिल्या. गोळ्या चुकवल्या नाहीत तर बाई खडखडीत बरी होईल, असेही सांगितले. पण गावाने त्या दुखण्याला आपले वेगळेच नाव ठेवले. "भंडारा फिरला," असे लोक म्हणू लागले. भागुजीच्या कानावर ते आले तेव्हा त्याला वाईट वाटले. खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले. देवानेही आपल्याच बाजूने कौल दिला, असे त्याच्या मनात येऊन गेले.

आता गाडी भागुजी स्वतःच चालवू लागला. टाकीच्या झाकणाला त्याने कुलूप बसवले आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. आता पाणी कुठून येते बघू, असे तो स्वतःशीच म्हणाला. पाणी आले. घाटातल्या त्याच वळणावर गाडीने आचका दिला. भागुजीने फिल्टर उघडला आणि बघतच राहिला.

पण संशय असा सहजासहजी हार मानत नाही. भागुजीने आधी पंपावर संशय घेतला. डिझेल काचेच्या बाटलीत भरून उन्हात धरले. ते स्वच्छ होते. मग त्याने सखाहरीवर पुन्हा संशय घेतला. पहाटे येऊन कुलूप उघडत असेल! दिवे लागायच्या वेळी त्याने गाडीभोवती चुलीतली राख चाळून पसरली, म्हणजे कुणी आले तर पाऊल उमटेल. सकाळी राखेत एका मांजराची पावले तेवढी होती. मांजरावर संशय घ्यावा इतका भागुजी वेडा नव्हता. त्याने कुलूप उघडले, टाकीत काडी घातली आणि बाहेर काढून नाकाशी नेली. काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता.

त्या दिवशी तो गाडी घेऊन तालुक्याला यासीन मिस्त्रीकडे गेला.

यासीन मिस्त्री गाडीखाली शिरला आणि त्याने टाकीला हात लावला. टाकी ज्या दोन लोखंडी पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असते, त्यातला एक पट्टा पापडासारखा तुटून त्याच्या हातात आला. "शेठ, ही टाकी पट्ट्यांवर न्हाई, तुमच्या पुण्याईवर टिकली होती," तो म्हणाला. दुसऱ्या पट्ट्याचे नट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडून, वाट बघून, हळूहळू त्याने ते सोडवले आणि टाकी खाली उतरवून उन्हात ठेवली. डिझेल ओढणारी नळी बाहेर काढली, तर तिला गंजाने भोके पाडलेली. नळीच्या टोकाची जाळी तर उरलीच नव्हती, तिच्या जागी तांबडा चिखल होता. डिझेल किती आहे ते दाखवणारा काटाही गंजून एका जागी रुतून बसला होता.

"पाणी कोण घालतं हिच्यात?" भागुजीने विचारले.

"कुणी न्हाई घालत. काट्याच्या भोकातून हात घाला. वरच्या पत्र्याला आतून बोट लावा."

भागुजीने हात घातला आणि टाकीच्या छताला आतून बोटे फिरवली. हात बाहेर काढला तेव्हा बोटे तांबडी झाली होती आणि ओली होती. तळाला लागलेलीच नव्हती ती बोटे, तरी ओली होती.

"घाम आहे तो," यासीन म्हणाला. "गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसं हिला आतून सुटतं. दिवसा हवा तापते, पहाटे गार पडते, आन् पत्र्याला दव धरतं. ते ठिबकून खाली जातं. टाकी भरलेली असली तर आत हवेला जागाच न्हाई, मग घाम कुठनं येणार? तुमची ही बरेच दिवस रिकामी राहिलेली दिसते. रिकामी ठेवू नये, हे तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का?"

भागुजी त्या तांबड्या बोटांकडे बघत होता. "सांगितलं होतं," तो म्हणाला.

यासीनने एका मोडीत निघालेल्या गाडीची चांगली टाकी आणली आणि ती खंगाळून वाळवली. नवी नळी, नवी जाळी, नवा काटा बसवला. नव्या पट्ट्यांखाली रबराच्या पट्ट्या घालून टाकी जागेवर घट्ट आवळली. हे सगळे होईपर्यंत भागुजी बाजूला दगडावर बसून होता. एरवी मिस्त्रीने एक नट काढला तरी तो वाकून बघायचा. त्या दिवशी त्याने काहीच बघितले नाही. निघताना यासीनने जुनी टाकी गाडीत मागे ठेवून दिली. गाडी घाट अशी चढली, की वर कुणी ओढून घेत असावे. भागुजीला त्याचा आनंद झाला नाही.

घरी ठकूबाईने गाडीखाली डोकावून बघितले. नवी टाकी तिला दिसली. "पाणी कुठनं येत होतं मग?" तिने विचारले.

भागुजीने बायकोला सगळे सांगितले. खोटे बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. ऐकताच ठकूबाईने विचारले,

"मग सखाहरीला सांगितलं का?"

"सांगतो."

"सांगतो न्हाई, आत्ता जा. चांगुणा गोळ्या घेत न्हाई, ठाऊक आहे का तुम्हाला? बायका सांगत होत्या. म्हणते, भंडाऱ्याचं दुखणं गोळीनं कुठं बरं व्हतंय. शपथ खरी होती हे तुमच्या तोंडून कळलं, तर घेईल ती."

भागुजी उठला, पायात चपला घातल्या आणि दारापर्यंत गेला. तिथे त्याला वाटले, आळ घेतला तो सगळ्या गावासमोर, आणि आता असे गुपचूप घरात जाऊन सांगायचे, हे काही बरोबर नाही. रविवारी देवळातच सांगू, सगळ्यांच्या देखत. हा विचार त्याला फार न्यायाचा वाटला. त्याने चपला काढल्या. खरे कारण वेगळे होते. सखाहरीच्या समोर उभे राहायची त्याला लाज वाटत होती.

रविवारी तो देवळात गेला. गाव जमले होते. लोक त्याला म्हणाले, "काय भागुजीशेठ, चोर गेला आन् गाडी सुधारली म्हणे!" सगळे हसले. भागुजीला त्या वेळी फक्त "न्हाई, चोर मीच होतो" एवढे म्हणायचे होते. तोंड उघडले असते तर शब्द आले असते. पण समोर डेअरीची माणसे होती, वाड्यांवरचे शेतकरी होते, आणि आपण या लोकांत हुशार म्हणून ओळखले जातो हे त्याला आठवले. तो हसला. त्यांच्यात मिसळून तोही थोडासा हसला. घरी येताना त्याला आपल्या त्या हसण्याची किळस आली. पुढच्या रविवारी नक्की, असे त्याने ठरवले.

मधल्या काळात मनाला काहीतरी शांत करणे भाग होते. म्हणून त्याने सखाहरीच्या घरी रोज सकाळी दूध धाडायला सुरुवात केली. म्हशीचे, साय धरलेले, आजारी माणसाला ताकद येईल असे दूध. वर कधी गूळ, कधी तांदूळ. गावाने ते बघितले आणि भागुजीच्या मोठ्या मनाचे कौतुक केले. ज्याने चोरी केली त्याच्याच घरी दूध! असा मालक बघायला मिळायचा नाही, असे लोक म्हणाले. ठकूबाई मात्र दुधाचा तांब्या भरताना रोज तेच म्हणायची, "दूध कशाला? बोला ना."

"बोलणार आहे," भागुजी म्हणायचा. त्याला खरेच बोलायचे होते. प्रत्येक रविवारी तो देवळात जायचा आणि प्रत्येक रविवारी काहीतरी निमित्त निघायचे. कधी पाहुणे आलेले असायचे, कधी कुणाच्या लग्नाचे बोलणे चाललेले असायचे. असल्या आनंदाच्या वेळी कशाला, असे म्हणून तो परत यायचा.

एका सकाळी दुधाचा तांब्या भरलेलाच परत आला. चांगुणा गेली होती.

प्रेताला माणसे फार आली नाहीत. भंडाऱ्याने नेलेल्या बाईला खांदा द्यायला लोक कचरत होते. लेक दूरच्या गावाहून आली होती, तिच्या रडण्याला दुसऱ्या कुणाची साथ नव्हती. भागुजी पुढे झाला आणि त्याने खांदा दिला. खांद्यावर ओझे फार नव्हते. बाई वाळून काडी झाली होती. तरी ते थोडके अंतर चालताना भागुजी मोकळ्या हाताने डोळे पुसत होता, आणि मागचा माणूस कुजबुजला, "शेठचं मन बघा किती हळवं."

ते शब्द ऐकल्यावर भागुजीला पुढचा रविवार गाठणे शक्यच नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्याने जुनी टाकी गाडीतून काढली, खांद्यावर घेतली आणि देवळाच्या पायरीवर आणून आदळली. आवाजाने माणसे जमली. भागुजी बोलायला लागला आणि काही लपवले नाही. टाकी रिकामी कुणी ठेवली, नको म्हणून कुणी सांगितले होते, पाणी कुठून आले, घरावर शपथ घ्यायला कुणी लावले, आणि हे सगळे कळल्यावरही तोंड मिटून कोण बसले. बोलताना तो रडत होता. "सखाहरीची शपथ खरी होती," तो म्हणाला. "खोटा मी होतो. तेव्हाही आन् नंतरही."

मग एकजण म्हणाला, "आम्हाला आधीपासनंच वाटत व्हतं, सखाहरी तसा न्हाई." दुसरा म्हणाला, "मी तर घरी बोललोही व्हतो." बघता बघता असे दिसू लागले, की त्या गावात सखाहरीवर कुणाचा कधी संशय नव्हताच. मघापर्यंत त्याच्या दारावरून मान वळवून जाणारी माणसे त्याच्या घराकडे निघाली. भागुजी सगळ्यांच्या मागे होता.

सखाहरी ओट्यावर बसला होता. लोक त्याच्याभोवती जमले, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पाया पडले. काय काय झाले ते त्याला सांगितले. लोक पांगले तसा भागुजी पुढे आला आणि त्याच्या पायाशी बसला.

"सखाहरी, मला मार. शिव्या घाल. काहीतरी बोल," तो म्हणाला. "मी आता सगळ्या गावासमोर सांगितलं. तुझं नाव धुऊन निघालं."

मग सखाहरी बोलला, आणि त्याच्या जन्मात तो एका दमात इतके कधी बोलला नव्हता.

"तुमचं दूध यायला लागलं ना शेठ, तवा तिला पक्कं पटलं. तोवर ती मला विचारायची, मी न्हाई म्हणायचो, आन् ती निम्मी का होईना माझ्यावर विश्वास ठेवायची. दूध बघून म्हणाली, ज्याचं चोरलं तोच आपल्याला जगवायला बघतोय, एवढ्या देवमाणसानं खोटा आळ कशाला घेतला असता? आता तरी मला खरं सांगा. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलू नका. रोज हेच. तिचा जीव त्यातच अडकला होता शेठ, जाता जाईना. मग शेवटच्या दिवशी मी हो म्हणालो. म्हणालो, व्हय, केली मी चोरी. तेव्हा तिला बरं वाटलं. माझ्या तोंडावरनं हात फिरवला आन् म्हणाली, आता देवाजवळ मी तुमच्यासाठी माफी मागते."

तो थांबला. भागुजीकडे त्याने पहिल्यांदाच सरळ बघितले. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर भागुजीला सोपे गेले असते.

"देवासमोर मी खरं बोललो होतो शेठ. खोटं बोललो ते फक्त तिच्याजवळ. आता गावाला तुम्ही सांगितलंत, ते चांगलं केलंत. पण तिला कुणी सांगायचं?"

सखाहरी उठला, आत गेला आणि त्याने दार लोटून घेतले.

तात्पर्य: आपण घेतलेला आळ खोटा होता असे कळले, की ज्या तोंडाने तो घेतला त्याच तोंडाने तो तेव्हाच्या तेव्हा मागे घ्यावा. कबुली राखून ठेवायची आणि तिच्या जागी उपकार करायचे, म्हणजे त्याच माणसावर दुसऱ्यांदा आळ घ्यायचा.